तिसऱ्या प्रश्नासमोरची मोकळी ओळ

आमच्या घरातल्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानाला गव्हाच्या खळीचा वास यायचा. गोष्ट संपली की पान उलटायचं आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली चिठ्ठी वाचायची, अशी आम्हा मुलींना शिस्त होती. चिठ्ठीवर तीन प्रश्न असत. नायिका कुठे चुकली? तिने कुणाचं ऐकलं नाही? फळ काय मिळालं? प्रत्येकासमोर एकेका ओळीचं उत्तर. ही उत्तरं ज्या गोल, सुबक, एकसारख्या अक्षरात लिहिलेली असत ते अक्षर माझं होतं, आणि आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. पासष्टी ओलांडली, गुडघे गेले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, राग मात्र जागचा हलला नाही. तो उतरावा म्हणून मी हे लिहीत नाही. तो नीट लिहून ठेवलेला असावा, एवढंच.

भिलाईत तेव्हा मराठी पुस्तक मिळणं मुश्कील होतं. कुणी नागपूरला लग्नाकार्याला गेलं की येताना दोन-चार कादंबऱ्या आणायचं आणि त्या एका निळ्या पत्र्याच्या पेटीत जमा व्हायच्या. पेटी आमच्याकडे असायची, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये, बाबांचे सेफ्टी शूज ठेवायच्या फळीखाली. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की ते निघत आणि आई अंगणातल्या दोरीवरचे कपडे झटकायला घेई, कारण प्लांटची तांबूस धूळ रोज कपड्यांवर बसायची. आमची मराठी ख्रिस्ती कुटुंबं सगळी मिळून अकरा. बहुतेक अमरावती-अचलपूरकडची. स्वतःचं चर्च नव्हतं, हिंदी मंडळीची उपासना आटोपली की दुपारी आम्हाला ती जागा मिळायची. शेजारी बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी, सगळ्या देशाची माणसं, आणि त्यांच्या मधोमध आम्ही मूठभर. त्यामुळे आमच्या बायकांना एकच धास्ती होती, की मुली हातच्या जातील.

म्हणून गुरुवारची संगत. दर गुरुवारी दुपारी तीनला सात-आठ बायका आमच्या पुढच्या खोलीत चटईवर बसत. आधी गाणं, मग प्रार्थना, मग कादंबरी. हो, कादंबरी! बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी लोकरीचं विणकाम करत ऐकायचं. आई मुरमुऱ्यांचा चिवडा करायची, त्यात भरपूर लसूण आणि सुकं खोबरं, आणि चहात गवती चहाची पात. नायिका नायकाला पहिल्यांदा चोरून भेटायला निघाली की सुया थांबायच्या. बायका अगदी मनापासून ऐकत, डोळे पुसत. आणि पुस्तक संपलं की त्याच बायका पदर सावरून न्याय करायला बसत. चिठ्ठी लागल्याशिवाय पुस्तक आम्हा मुलींच्या हाती द्यायचं नाही, असा नियम होता.

संगत चालवायच्या गायकवाडबाई. नगरकडच्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाच्या नोकरीमुळे भिलाईला आलेल्या. शुद्ध बोलणं, पांढरी साडी, ताठ पाठ. मला त्यांनीच अक्षर वळवायला शिकवलं, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. त्या तोंडाने सांगत, मी लिहायची. एका कादंबरीतली मुलगी तबलजीबरोबर पळून गेली. चूक: वासना. दुसरीतल्या मुलीनं चांगला इंजिनियर नाकारला आणि जन्मभर एकटी राहून शाळा काढली. चूक: गर्व. तिसरीनं आईबापांनी दाखवलेल्या मुलाशीच मुकाट्यानं लग्न केलं आणि तो तिला पट्ट्यानं मारायचा. तिथं मी थांबले होते. म्हटलं, बाई, हिची काय चूक? गायकवाडबाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "प्रार्थनेत कमी पडली. लिही." आणि मी लिहिलं. पट्टा हातात असलेल्या त्या माणसासाठी चिठ्ठीवर जागाच नव्हती. त्या सबंध निळ्या पेटीत, पन्नास-साठ पुस्तकांत, एकाही पुरुषाची चूक मी कधी लिहिली नाही.

मी आजही श्रद्धावान बाई आहे, दर रविवारी उपासनेला जाते, आणि म्हणूनच हा राग मला जास्त येतो. श्रद्धा नसती तर हसून सोडून दिलं असतं. ज्याच्या नावानं त्या चिठ्ठ्या लागत होत्या त्या आमच्या प्रभूपुढं एकदा लोकांनी एका बाईला धरून आणलं होतं, दगड हातात घेऊन. तो खाली वाकला आणि मातीत बोटानं काहीतरी लिहीत राहिला. काय लिहिलं ते कुणालाच माहीत नाही, पायाखाली गेलं ते. त्यानं कधी काही लिहिल्याचं एवढंच ऐकिवात आहे. आणि आम्ही? आम्ही खळ लावून लिहीत होतो, पुसलं जाऊ नये म्हणून.

माझी मोठी बहीण करुणाताई तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मी सतरा वर्षांची, घरात बेबी. ताई घड्याळ उजव्या मनगटावर घालायची आणि तेही तबकडी आतल्या बाजूला करून, कारण टेलिफोनच्या बोर्डावर जोडणीच्या दोऱ्या लावता-काढताना डावा हात सारखा अडकायचा. ती घरी आली की आधी घड्याळ उतरवायची, मग तोंड धुवायची, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून दिवसभरातले आवाज काढून दाखवायची. कोणता साहेब कसा खेकसतो, कोण नंबर मागताना पान चघळतो. आई हसून हसून पोळी करपवायची. आमच्या घरात हसू आलं ते ताईमुळे. बाबा तसे अबोलच, पण तेही जेवताना ताटावरून मान वर करून म्हणायचे, "अन् मग? पुढं काय झालं?"

त्या आवाजांतला एक आवाज मात्र ती काढून दाखवत नसे. तो तिनं मला सांगितला डिसेंबरात, नाताळच्या करंज्या करताना, आई शेजारच्या छत्तीसगढी घरात खुर्मी, म्हणजे त्यांच्या शंकरपाळ्या, कशा करतात ते बघायला गेली होती तेव्हा. रेल मिलमध्ये एक क्रेन ऑपरेटर होता, प्रकाश मेश्राम. पाळीत एकदा तरी टूल रूमचा नंबर मागायचा. वर्षभर दोघं हिंदीतच बोलत होते. एक दिवस तिचा घसा बसला होता, आणि तो एकदम म्हणाला, "मॅडम, आज तुमचा आवाज थकून राहिला." ताई करंजीची कड मुरडत हे सांगत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मंग तू काय म्हणाली?" मी विचारलं.

"मी म्हणलं, टूल रूम बिझी आहे. होल्ड करा." ती हसली. "बिझी नव्हती वं."

तो दुर्गला मोहन नगरात आईबरोबर राहायचा. वडील रेल्वेत होते, ते गेलेले. घर बौद्ध. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, मी माझा धर्म सोडणार नाही आणि तुला तुझा सोडायला सांगणार नाही. ताई नाताळनंतर बाबांना सांगणार होती. मला शपथ घातली नाही तिनं, कारण मी कुणाला सांगेन असं तिच्या मनातही आलं नाही.

आणि मी सांगितलं नाहीच. मी गोष्ट लिहिली.

दर नाताळला आमच्या मंडळीचं एक हस्तलिखित निघायचं. मोठे कागद, वेलबुट्टी, दोऱ्यानं शिवलेलं, एकच प्रत. त्यात मजकूर लिहून काढायचं काम माझं, पण माझं स्वतःचं असं काही त्यात कधी आलं नव्हतं. ताईचं बोलणं माझ्या डोक्यात तीन दिवस घुमत राहिलं. इतकं सुंदर काही मी त्या पेटीतल्या कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मी नाव बदललं, रोहिणी केलं. गिरणी केली कापडाची. बाकी सगळं तसंच ठेवलं, बसलेला घसा, टूल रूम, उजव्या हातातलं घड्याळ. घड्याळ का ठेवलं? ते मला फार आवडायचं म्हणून. आणि मग शेवटाशी अडकले. दोघं लग्न करतात आणि सुखानं राहतात, असा शेवट गायकवाडबाई हस्तलिखितात घेणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांना काय चालतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून मी रोहिणीला फसवलं. नायक दुसरीशी लग्न करतो, रोहिणी तळ्याकडे जाते, काठावर घड्याळ सापडतं. माझी गोष्ट छापली जावी, म्हणजे लिहिली जावी, म्हणून मी माझ्या बहिणीला तळ्यात बुडवलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गायकवाडबाई खूश झाल्या. नाताळच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी ती गोष्ट संगतीत स्वतः वाचली. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला, खोटं कशाला बोलू, फार अभिमान वाटत होता. बायका डोळे पुसत होत्या. ताईची त्या दिवशी सुट्टी होती, ती बाजारातून आल्या आल्या तशीच आत चहाला लागली होती. गोष्ट संपली. एकजण म्हणाली, "बिचारी." गायकवाडबाई म्हणाल्या, "बिचारी कशाची? चला, चिठ्ठी करू." आणि तेवढ्यात ताई ट्रे घेऊन बाहेर आली. वाकून तिनं पहिला कप आईपुढं धरला. उजवं मनगट, तबकडी आत.

 एकेक नजर त्या मनगटावर आली आणि थांबली. आईनं कप घेतला नाही. ताईला काही कळेना, ती सगळ्यांकडे बघत राहिली, मग गायकवाडबाईंच्या मांडीवरच्या उघड्या हस्तलिखिताकडे, मग माझ्याकडे.

"करुणा," गायकवाडबाई म्हणाल्या, "ही टेलिफोनवाली मुलगी कोण?"

ताईनं ट्रे खाली ठेवला. पुस्तक त्यांच्या मांडीवरून उचललं आणि उभ्यानंच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाहेर कुणाच्या तरी अंगणात गादी झोडपत होते, तेवढाच आवाज. मग तिनं पुस्तक परत ठेवलं.

"मीच आहे," ती म्हणाली. "फक्त शेवट खोटा आहे."

आई म्हणाली, "कोन आहे तो?" ताईनं नाव सांगितलं. आडनाव ऐकल्याबरोबर आईचा चेहरा उतरला. "आपल्याले त्यातून बाहेर निघाले दोन पिढ्या लागल्या वं," ती म्हणाली, "अन् तू परत तिकडंच जाऊन राहिली?" हे कुणी मोठ्यानं कधी बोलत नसे. माझे आजोबा आणि प्रकाशचे आजोबा एकाच प्रकारच्या वस्तीतले, एकाच विहिरीवरून हाकलले गेलेले. आजोबांनी एक वाट धरली, त्यांनी दुसरी. आम्ही आमच्या वाटेनं थोडं पुढं आलो आणि लगेच मागं वळून त्यांच्याकडे नाक मुरडायला लागलो. माझ्या आईवर मी फार प्रेम केलं, पण या एका वाक्यासाठी मी तिला माफ केलेलं नाही.

गायकवाडबाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर कदाचित मी उठून गेले असते. त्यांनी माझ्यापुढं कागदाचा तुकडा सरकवला, नेहमीसारखा. "लिही," म्हणाल्या. "कुठे चुकली? परक्याशी संबंध. कुणाचं ऐकलं नाही? आईवडील, मंडळी, प्रभू."

मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, वाट बघत होती. नाही म्हणायला मला एक शब्द पुरे होता. मी पेन उघडलं आणि लिहिलं. गोल, सुबक अक्षरात.

"आणि तिसरा?" मी विचारलं. विचारलं! ते गोष्टीबद्दल विचारतेय का ताईबद्दल, हे माझं मलाच कळत नव्हतं.

"तो मोकळा ठेव," गायकवाडबाई म्हणाल्या. "फळ दिसेल तेव्हा भरू."

चिठ्ठी हस्तलिखिताच्या मागच्या पुठ्ठ्याला लागली. संध्याकाळी न्हाणीघराशी ताईनं मला गाठलं. मला वाटलं ती मारेल, मारायला हवं होतं.

"कावून लिहिलंस?" ती म्हणाली.

"मले आवडलं म्हणून."

"आवडलं तर मंग मारलं कावून मले?"

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं बादली उचलली आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंच बसले. पाच पुरुष, त्यातले एक बाबा. चिठ्ठी लागलेलं हस्तलिखित त्यांच्यासमोर ठेवलं होतं. एकजण म्हणाले, ठराव वहीत घ्यायला हवा. गायकवाडबाई म्हणाल्या, "वेगळं लिहायची काय गरज? चिठ्ठी आहे ना." करुणानं सगळ्यांपुढं पस्तावा करेपर्यंत तिला प्रभुभोजन बंद, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढं यायचं नाही, असं ठरलं. हात वर करायला सांगितलं तेव्हा बाबांनीही केला. कोळशानं नखं काळी झालेला तो हात मला अजून दिसतो. ताई उभी राहून एवढंच म्हणाली, "पस्तावा कशाचा करू, ते सांगा. मी केलेलं लपवलं नाही अन् सांगितलेलं खोटं नाही."  प्रकाशला चार शब्द विचारावेत, त्यालाही पंचांपुढं बोलवावं, असं त्या पाचांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. चूक बाईची असते, चिठ्ठीत तेवढीच जागा असते.

मार्चमध्ये दुर्गच्या कोर्टात त्यांनी लग्न केलं. आमच्या घरून कुणी गेलं नाही. नाताळला मात्र बाबा करंज्यांचा डबा बांधून माझ्या सायकलला अडकवायचे आणि दुसरीकडे बघत म्हणायचे, "मोहन नगरकडून चक्कर मारून ये." एवढीच त्यांची हिंमत. डबा घ्यायला प्रकाशभाऊ दारात यायचे. "या साळीबाई, गोष्ट लिहून राहिल्या का नाही?" असं चिडवायचे. मी त्यानंतर एकही गोष्ट लिहिली नाही.

लोकांना वाटलं होतं ताई चर्च सोडेल. ती दर रविवारी आली. दुर्गहून बस पकडून, पुढं कडेवर मुलगी घेऊन, मग दोन मुली घेऊन. शेवटच्या बाकावर बसायची, गायची, दान द्यायची, आणि प्रभुभोजनासाठी सगळे उठून पुढं निघाले की पर्स मांडीवर धरून बसून राहायची. मी तिच्या शेजारून उठून पुढं जायचे. एकदा मी तिला म्हटलं, दुसऱ्या मंडळीत का जात नाहीस, तिथं कोण विचारतंय? ती म्हणाली, "मी रुसून गेली असती तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भेटलं असतं त्याहिले." मला बरं वाटावं म्हणून तिनं "त्याहिले", त्यांना, म्हटलं असेल, पण त्याआधी "तुमच्या" म्हणाली होती. ते माझ्या लक्षात राहिलं.

फळ दिसलं ते असं. प्रकाशभाऊंनी तिला कधी अरे-तुरे केलं नाही. एक मुलगी नर्स झाली, एक बँकेत लागली. सकाळचा चहा घरात प्रकाशभाऊच करतात, आजही, हात थरथरतो तरी. गायकवाडबाईंनी पुढं दहा-बारा वर्षं हा संसार डोळ्यांनी पाहिला, आणि ती मोकळी ओळ भरायला मात्र त्या कधी आल्या नाहीत. वाईट झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पेन घेऊन आल्या असत्या.

आता राज्य बदललं, सेक्टरमधली निम्मी क्वार्टरं रिकामी झाली, मी नेहरू नगरात राहते. खाली कोचिंग क्लास आहे, दिवसभर पोरांच्या स्कूटी. मंडळीचं स्वतःचं लहानसं चर्च झालं आहे आणि पंचांतलं, संगतीतलं कुणीही उरलेलं नाही. या वर्षी अमरावतीहून एक तरुण पाळक आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात मला विचारलं, "मावशी, त्या मागच्या बाकावरच्या करुणामावशी पुढं का येत नाहीत?" मी सांगितलं, बंदी आहे. ते चकित झाले. मंडळीच्या जुन्या वह्या काढून दोन दिवस बसले आणि मला फोन केला. "मावशी, वहीत कुठंच काही नाही. नसलेला ठराव मी रद्द कसा करू?"

मी फोन ठेवला आणि निळी पेटी उघडली. ती आईनंतर माझ्याकडे आली होती. हस्तलिखित तळाशी होतं. खळ वाळून चिठ्ठीची एक कड सुटली होती, अक्षर तसंच्या तसं. ज्या कागदावर माझ्या बहिणीची जवळजवळ पन्नास वर्षं अडून राहिली तो एवढाच होता, तळहाताएवढा, आणि तो मी लिहिला होता. गायकवाडबाईंना शिव्या देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पंचांना दिल्या, आईला मनातल्या मनात दिल्या, बाबांनाही. त्या दिवशी पेटीपुढं बसून मला कळलं की त्या खोलीत ताईचा न्याय करणाऱ्यांतली जिवंत उरलेली मी एकटीच आहे, आणि आता रागवायला दुसरं कुणी शिल्लक नाही.

रविवारी पाळक भाकरीवरचं फडकं काढत होते, माणसं उठून पुढं निघाली होती, तेव्हा मी पुढं न जाता वळून मागं उभी राहिले. चिठ्ठी हातात होती. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. मी म्हणाले, "करुणाताईला पस्तावा करायला सांगितलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. हा कागद मी लिहिला होता. पस्तावा मी करते आहे." आणि चिठ्ठी फाडली. पुढच्या रांगेतली तरुण मुलं कशाबद्दल चाललंय म्हणून एकमेकांकडे बघत होती. मी गुडघे धरत धरत शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि म्हटलं, "ताई, चल."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. न्हाणीघराशी पाहिलं होतं तसंच.

"इतके दिवस कावून लावले वं, बेबी?" ती म्हणाली.

मी तिला आधाराला हात पुढं केला.  ती बाक धरून उठली, मांडीवरची पर्स माझ्या हातात दिली आणि एकटीच पुढं गेली.